वासंती मॅडमचं भिंग आणि डाव्या हाताची चिठ्ठी

मित्रांनो, जरा सांभाळून! काचेला बोटं लावू नका, मुठीला धरा. हं, असं. आता तुमचा अंगठा माझ्याखाली आणा. दिसलं? अंगठ्यावरच्या रेषा नांगरलेल्या वावरासारख्या दिसायला लागल्या ना? इथे प्रत्येक जण एकदा तरी "अय्या!" नाही तर "अबे!" म्हणतोच. मला ते ऐकायला फार आवडतं. एवढं वय झालं, तरी आवडतं.

मी वासंती मॅडमचं जुनं भिंग. पितळी कडं, शिसवी मूठ आणि काठाला एक छोटा टवका. सध्या चिखलीच्या आमच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात, शेवटच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. शेजारच्या टेबलावर धूर सोडणारा ज्वालामुखी आहे, त्यामुळे माझ्याकडे गर्दी कमी. पण जे आलात ते थांबा! ज्वालामुखी दर वर्षी असतो. माझी गोष्ट मात्र मी आजच सांगणार आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. कारखान्यात आले तेव्हा मी जाड, पांढरट, आंधळी चकती होते. माझ्यातून काहीही दिसत नव्हतं. मग मला फिरत्या चाकावर घासायला घेतलं. आधी भरड वाळू, मग बारीक वाळू, मग लाल भुकटीचं पाणी. काय गुदगुल्या आणि काय आग! शेवटी घासणाऱ्या काकांनी मला धुतलं, पुसलं आणि स्वतःच्या मनगटावर धरलं. त्यांच्या मनगटावरचा तीळ एकदम जांभळाएवढा झाला. काका हसले. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. अजून आठवतं.

वासंती मॅडम तेव्हा मॅडम नव्हत्या. चिखलीची एक सडपातळ, दोन वेण्यांची, विज्ञान शिकलेली मुलगी होती. नागपूरच्या सरकारी कचेरीत तिला नोकरी लागली, तेव्हा वडिलांनी मला विकत घेऊन तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, "वासंते, सरकारचं भिंग सरकारचं राहील. हे तुझं." आणि बघा, तेव्हापासून आम्ही दोघी कधी लांब राहिलो नाही.

त्या कचेरीत काय चालायचं माहीत आहे? तिथे अक्षरं पकडायचे! हो, चोर पकडतात ना, तशी. कुणी निनावी पत्र लिहून धमकी द्यायचं, कुणी खोटी सही करायचं, आणि ते कागद आमच्या टेबलावर यायचे. ज्या कागदावर वाद, त्याच्यावर 'क्यू'ची खूण. संशयिताकडून समोर बसवून लिहून घेतलेल्या नमुन्यावर 'एस'ची खूण. टेबलावर एक वाकडा दिवा, उजेड बाजूने येणारा. मधोमध मी.

पत्र लिहिणारी माणसं मोठी गमतीची असतात हो! चेहऱ्याला रुमाल बांधावा तसा ती आपल्या अक्षराला वेष चढवतात. कुणी डाव्या हाताने लिहितं. कुणी उजवीकडे झुकणारं अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवतं. कुणी छापल्यासारखं सुटं सुटं लिहितं. आणि लिहून झालं की खूश! आता मला कोण ओळखतंय!

कचेरीचे मोठे साहेब गोपाळराव नव्या माणसांना पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारायचे. वासंतीलाही विचारला.

"वासंती, वेष घेणारा काय बदलतो?"

"अक्षर, सर."

"चूक. त्याला स्वतःला जे दिसतं, तेवढंच बदलतो. जे आपण करतो हे त्याला ठाऊकच नाही, ते तो बदलणार कसं?"

हे वाक्य ऐकलं आणि माझी काच लखलखली, शपथ! कारण ते 'न दिसणारं' दाखवणं हेच तर माझं काम. शब्दावरची आडवी शिरोरेषा कुणी आधी देतं, कुणी शेवटी, कुणी अक्षरागणिक तुकड्यातुकड्यांनी. पेन कुठे उचललं, कुठे टेकलं, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसला की पुढे सरकला, दोन शब्दांत किती जागा सोडली, ओळ शेवटाकडे चढली की उतरली. या सवयी हाताच्या नसतातच मुळी. त्या डोक्यात असतात. हात बदलला तरी त्या मागोमाग येतात, शेपटीसारख्या. आणि वेष दमतो बरं का! पहिल्या ओळीत माणूस अगदी सावध असतो. शेवटच्या ओळीपर्यंत लक्ष जरा ढळतं, आणि रुमालातून नाक बाहेर येतं.

ते दिवस किती छान होते! उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर पाणी शिंपडलं की सगळी कचेरी सुगंधी व्हायची. वासंती एक डोळा मिटून माझ्यावर वाकायची. तिचा श्वास लागून मी धुरकट व्हायचे, मग ती पदराच्या मऊ टोकाने मला पुसायची. कोर्टातही गेलोय आम्ही. एकदा एका वकिलांनी मला हातात उंच धरून विचारलं, "बाई, हे एवढंसं भिंग खोटं बोलत नाही कशावरून?" वासंती म्हणाली, "ते बोलतच नाही, वकीलसाहेब. तुम्हीच बघा ना त्यातून." कोर्टात हशा पिकला. वकीलसाहेब गोंधळले आणि मी त्यांच्या हातातून सटकून थेट फरशीवर. हाच तो टवका. मी त्याला मेडल समजते.

मग मोठी यंत्रं आली. त्यांना पडदा होता, निळा-जांभळा उजेड होता, बटण दाबलं की अक्षर ताटाएवढं. मी टेबलावरून खणात गेले. खणात स्टेपलरच्या पिना, एक वाळलेला शाईचा शिक्का आणि मी. मॅडम मधूनच खण उघडायच्या, मला नुसतं हातात घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. ते दोन क्षण मी दिवसभर पुरवून वापरायचे.

मॅडम निवृत्त झाल्या, आणि आम्ही चिखलीला परत आलो. इथे माझं काय झालं ते ऐकून हसू नका. कुणाच्या टाचेत बोराटीचा काटा मोडला, आणा ते भिंग! गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख दिसेना, आणा ते भिंग! सोयाबीनच्या पानावर अंडी आहेत की धूळ, आणा भिंग! शेजारच्या पोरांनी तर माझ्यातून ऊन पाडून वाळलं पान जाळलं. मी रागावले नाही. पण खरं सांगू? कुणी अक्षर दाखवायला आणेल म्हणून मी वाट बघत होते.

आणि गेल्या हिवाळ्यात करिष्मा आली.

करिष्मा म्हणजे मॅडमच्या घराशेजारची, नववीतली. एरवी ही मुलगी फाटक उघडत नाही, त्यावरून उडी मारते. खो-खोत असा सूर मारते की बघणाऱ्याचे गुडघे दुखावेत. आणि ती डावखुरी. लिहिते डाव्याने, भाकरी थापते डाव्याने, भांडतानाही डावाच हात हलतो. त्या दिवशी मात्र ती फाटक हळूच उघडून आली. ओट्यावर बसली, वही काढली, पेन उजव्या हातात धरलं आणि म्हणाली,

"मॅडम, मले उजव्या हातानं लिहायले शिकवा."

मॅडम शेंगा सोलत होत्या. त्या थांबल्या. "काऊन गं? डाव्याले काय झालं?"

"त्याच्यानंच समदं झालं." आणि मग ती रडायलाच लागली. रडता रडता नाक ओढत सांगत होती, सांगता सांगता पुन्हा रडत होती.

झालं होतं असं. शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी जळगाव जामोदला जाणार होता, मुक्कामी. भागवत सरांनी संघ निवडला, आणि करिष्माला राखीव खेळाडूंत टाकलं. करिष्मा चिडली. सगळ्या मैदानासमोर ओरडली, "मंग जाऊच नका कोनी!" आणि दोनच दिवसांनी शाळेच्या तक्रारपेटीत एक निनावी चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत लिहिलं होतं, की मुलींना मुक्कामी नेऊ नये. मागच्या खेपेला भागवत सरांनी मुलींना परगावी एकटं सोडलं होतं. मुलींच्या जिवाला काही झालं तर जबाबदार कोण? खाली नाव नाही, नुसतं 'एक हितचिंतक'.

मुख्याध्यापिका वंदनाबाईंनी दौरा थांबवला. भागवत सरांची चौकशी लागली. आणि चिठ्ठीचा फोटो कुणीतरी मुलींच्या ग्रुपवर टाकला. डावीकडे रेललेली अक्षरं बघून पहिलाच मेसेज आला, हे तं डाव्या हाताचं हाय. शाळेत डावखुरी एकच.

"संजीवनी माह्याशी बोलत नाही, मॅडम. ती आमची कॅप्टन. बालवाडीपासून एका बाकावर बसतो आम्ही. ती म्हने, तुले खेळाले नाही भेटलं तं तू समद्यायचंच खेळनं बुडवलं. सरायले बी बदनाम केलं." करिष्माने पेन घट्ट दाबलं, आणि उजव्या हाताने काढलेला 'क' खेकड्यासारखा वहीभर पसरला. "मॅडम, मले डाव्यानं लिहिता येते म्हून मीच लिहिलं का?"

"तू लिहिलंस का?"

"नाही!"

"बरं. पण तुझ्या 'नाही'वर मी काही लिहून देऊ शकत नाही, आणि त्यांच्या 'हो'वरही नाही. फोटोवरून तर मुळीच नाही. मला तो कागद पाहिजे." मॅडमनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "आणि पेन आधी डाव्या हातात घे. त्या हाताचा काही गुन्हा नाही."

आणि मग, मित्रांनो, त्यांनी मला कपाटातून काढलं. पदराच्या टोकाने पुसलं. तसंच, पूर्वीसारखं!

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. वंदनाबाईंना मॅडमचं जुनं काम ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं ताई, तुम्ही आल्या. संघाची नावं पाठवायची मुदत उद्याच संपून राह्यली. मले बी वाटते पोरींनी जावं. पन असं लिहिलेलं असताना कोन्या तोंडानं पाठवू?"

शाळेचे बाबू शेषराव यांनी फाइल आणून ठेवली. शेषरावबाबूंना कोण ओळखत नाही! त्यांचं अक्षर म्हणजे मोत्याचे सर. शाळेचं प्रत्येक प्रमाणपत्र तेच भरतात. ऑफिसच्या भिंतीवर काचेत लावलेली सगळी गौरवपत्रं त्यांच्याच हातची. आणि संजीवनी, करिष्माची ती रुसलेली कॅप्टन, ही त्यांचीच एकुलती मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली.

मॅडमनी चिठ्ठी घेतली. आधी वाचलीच नाही. उलटी केली आणि मागून बोटाचं टोक फिरवलं. कागदाच्या मागे अक्षरांचे उंचवटे आले होते, इतकं पेन रुतवलेलं.

"लिहिणारा लय रागात असन," भागवत सर दारातून म्हणाले.

"दाब जास्त आहे, एवढंच मी सांगू शकते, सर. का आहे ते अक्षर सांगत नाही."

मग मी कागदावर उतरले. किती दिवसांनी! शाईच्या रेघा नदीसारख्या रुंद झाल्या, काठ दिसले, वळणं दिसली. मॅडम हळूहळू मला ओळीवरून नेत होत्या आणि बोलत होत्या. "हे डाव्या हातानंच लिहिलंय. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढलीय. ही बघा, इकडे शाई जाड, आणि सुटताना उंदराच्या शेपटीसारखी बारीक."

करिष्मा भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहराच उतरला.

"आणि हात थरथरत नाही. उजव्या हाताच्या माणसानं डाव्यानं लिहिलं तर रेघ अडखळते. ही गुळगुळीत आहे. हा डावा हात लिहायला सरावलेला आहे."

आता तर सगळे करिष्माकडेच बघायला लागले. त्या बघण्याचा मला इतका राग आला की तडा जायचा बाकी होता! संजीवनी पाण्याच्या माठाजवळ उभी होती, तिने मान वळवली.

मॅडमनी कुणाकडेही पाहिलं नाही. "करिष्मा, बस. मी सांगते ते लिही. भरभर. चिठ्ठी तुला दाखवणार नाही." त्यांनी मजकूर सांगितला, चिठ्ठीतले शब्द त्यात इकडेतिकडे पेरलेले. पान झालं की लगेच काढून घ्यायच्या, पुन्हा सांगायच्या. आधीचं पान बघता येत नाही, हात थांबवता येत नाही, मग सोंग आणायला सवड कुठली? दोन-तीन पानांनंतर करिष्माचं अक्षर तिच्यासारखंच झालं. धावणारं, उड्या मारणारं.

मी दोन्ही कागदांवरून गेले. करिष्मा डाव्या हातानेच लिहायला शिकली, पण शिकवणाऱ्या बाईंची रेघ डावीकडून उजवीकडे होती. तीही तशीच देते, आणि शब्द संपायची वाट बघत नाही, प्रत्येक अक्षराला त्याची त्याची टोपी. चिठ्ठीत मात्र आधी अख्खा शब्द, मग वरून एकच सलग रेघ. करिष्माची ओळ उतरते, चिठ्ठीतली चढते. करिष्माचा अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर. चिठ्ठीतला टिंब नव्हताच, तिरपी चिमटी होती, अक्षर सोडून पुढे पडलेली. आणि उभ्या दांड्या! चिठ्ठीतल्या उभ्या दांड्यांची टोकं शिरोरेषेच्या वर किंचित डोकं काढत होती, कुणी खिडकीतून हळूच बघावं तशी. पहिल्या ओळीत ती कुठेच नव्हती. शेवटच्या दोन ओळींत मात्र जिकडेतिकडे. वेष दमला होता.

"हे करिष्माचं अक्षर नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग कोनाचं?" भागवत सर.

"ते सांगायचं तर ऑफिसात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी लिहून द्यावं लागेल. तुम्हीसुद्धा. आधी उजव्या हातानं, मग डाव्या."

मग काय धमाल उडाली! वंदनाबाईंनी डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं ते बघून भागवत सर म्हणाले, "बाई, हे तं कोंबडी चालून गेल्यासारखं दिसून राह्यलं." बाई म्हणाल्या, "तुमचं दाखवा बरं! तुमची तं कोंबडी बी मेलेली हाय." मुलीसुद्धा हसल्या. शेवटी शेषरावबाबू बसले. उजव्या हाताने त्यांनी असं लिहिलं की मॅडम क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. हात थरथरायला लागला. अक्षरं वेडीवाकडी पडली.

"आपल्याले काही जमत नाही बुवा हे," ते म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

मित्रांनो, खरी थरथर कशी असते ते मी जन्मभर पाहिलंय. ती रेघेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते, कुठेही, कशीही. या कागदावर प्रत्येक रेघ ठाम सुरू होत होती, ठाम संपत होती आणि फक्त मध्ये नाचत होती. ही आणलेली थरथर होती. आणि त्या नाचणाऱ्या अक्षरांतही दांड्यांची टोकं खिडकीतून डोकावत होती, चिमटीसारखे अनुस्वार पुढे पडत होते, ओळ चढत होती. मॅडमनी मान वर केली. भिंतीवरच्या गौरवपत्रावर मला धरलं. तिथेही तेच. मोत्यासारखी अक्षरं, आणि प्रत्येक दांडी किंचित डोकावणारी. उजवा हात, डावा हात, दोघांच्या मागे एकच डोकं.

मी वाट बघत होते, आता मॅडम नाव घेणार! पण त्यांनी मला मिटल्या मुठीत धरलं आणि म्हणाल्या, "माझं मत मी उद्या सकाळी लेखी देते. शेषरावबाबू, मला फाटकापर्यंत सोडता का?"

शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ त्या थांबल्या. नळाला कुणी नव्हतं.

"बाबू, लहानपणी तुमचा डावा हात कोणी बांधला होता?"

शेषरावबाबूंनी आजूबाजूला पाहिलं. मग ते टाकीच्या कठड्यावर बसले.

"मायनं आन् गुरुजीनं," ते म्हणाले. "संग्रामपूरकडं गाव आमचं. डाव्यानं घास घेतला का चमचा मारे. शाळेत गुरुजीनं डावा हात करदोड्याले बांधून ठेवला, उजव्यानं अक्षर येईलोक. आलं. लय चांगलं आलं, लोकं पाहाले येत. पन मॅडम, घरी एकटा असलो का मी डाव्यानंच लिहितो. ताटात पानी घेऊन बोटानं, न्हाईतर जुन्या पेपरावर. कोनाले दाखवाचं नाही. संजीवनीले बी ठाऊक नाही."

"आणि तो हात पहिल्यांदा बाहेर काढला, तो यासाठी?"

ते म्हणाले, "पोरगी परगावी मुक्कामी जाते म्हटलं तं मले झोप लागत नाही. तिची माय दवाखान्यात गेली होती, दोन दिवसात येतो म्हने. आलीच नाही. तवापासून कोनी बॅग भरली का मले..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. डावा हात. "संजीवनीले तोंडावर नाही म्हनता येत नाही मले. ती हसली का मी हो म्हनतो. म्हून मंग चिठ्ठी. सरायचं नाव घालाचं नव्हतं. पन नुसतं नेऊ नका म्हटलं तं कोन ऐकते?"

"आणि करिष्मा?"

"तिच्यावर येईन असं डोक्यातच आलं नाही, देवाशपथ! मले वाटलं डाव्यानं लिहिलं तं कोनाचंच नाही वाटनार. डाव्यानं लिहिणारं मानूस... मले वाटे तसं कोनी नसतेच. मी एकटाच."

मॅडम म्हणाल्या, "काल ती माझ्याकडे आली होती. उजव्या हातानं लिहायला शिकवा म्हणून."

नळातून थेंब थेंब पाणी पडत होतं. मॅडमच्या मुठीत मला त्यांच्या हाताचा घाम जाणवत होता, आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं की कुणालाच पकडू नये.

"माझं मत सकाळी जाईल बाबू, ते मी थांबवणार नाही. पण परिपाठ त्याच्या आधी असतो," एवढंच बोलून मॅडम निघाल्या.

दुसऱ्या दिवशी परिपाठात प्रार्थना झाली, आणि शेषरावबाबू पुढे आले. त्यांनी माइक घेतला नाही. फलकाजवळ गेले, डाव्या हातात खडू घेतला आणि लिहिलं, 'ती चिठ्ठी मी लिहिली. भागवत सरांविषयी खोटे लिहिले. करिष्मा, माफ कर.' अख्खा शब्द, मग उजवीकडून डावीकडे सलग रेघ. अख्खा शब्द, मग रेघ. मी मॅडमच्या पिशवीत होते आणि पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून मलाही दिसलं.

करिष्मा काय म्हणाली माहीत आहे? ती पुटपुटली, "अरे, काका बी माह्यासारखेच!"

संजीवनी मात्र रडत वर्गात पळाली. ती दोन दिवस वडिलांशी बोलली नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं. बाबूंनी संस्थेला लेखी माफीनामा दिला, त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला. भागवत सरांनी त्यांचा नमस्कार घ्यायला बराच वेळ लावला, तेही बरोबरच. पण संघाची नावं मुदतीत गेली. निघायच्या सकाळी संजीवनीची बॅग बाबूंनी स्वतः भरली. एसटी हलली तेव्हा ते स्टँडवर उभे राहून हात हलवत होते, आणि खिडकीतून संजीवनी ओरडली, "बाबा, दुसरा हात! दुसऱ्या हातानं टाटा करा!" तेव्हा ते हसले म्हणे. हे मला करिष्माने सांगितलं. ती खिडकीशेजारी, संजीवनीच्या बाकावर होती.

संघ उपांत्य फेरीत हरला. करिष्माला एका सामन्यात थोडा वेळ खेळायला मिळालं, आणि तेवढ्यात तिने एक असा सूर मारला की, जाऊ द्या, तिच्याकडूनच ऐका. प्रत्येकीला सहभागाचं प्रमाणपत्र आलं, नावाची जागा कोरी. ती भरायला शेषरावबाबू बसले. उजव्या हाताने एकेक नाव, मोत्यासारखं. करिष्माचं आलं तेव्हा ते थांबले.

"पोरी, तुहं नाव डाव्यानं लिहू का? एवढं सुंदर नाही येनार."

"लिहा ना काका!"

ते प्रमाणपत्र घेऊन करिष्मा धावत मॅडमकडे आली. अर्थात फाटकावरून उडी मारून. मॅडमनी मला काढलं. अक्षरं डावीकडे रेललेली, दांड्यांची टोकं खिडकीतून बघणारी, ओळ शेवटाकडे चढलेली. तंतोतंत चिठ्ठीसारखी. मग मॅडमनी सवयीने कागद उलटा केला आणि मागून बोटाचं टोक फिरवलं.

मागून कागद गुळगुळीत होता. एकही उंचवटा नाही.

मॅडमनी मला करिष्माच्या डाव्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आता तुझ्याकडे राहू दे."

तर अशी मी इथे, ज्वालामुखीच्या शेजारी. ते प्रमाणपत्र या टेबलाच्या मागेच लावलंय, ते बघून जा. माझी काच गणवेशाच्या बाहीने पुसू नका, चरे पडतात. मऊ सुती कापड घ्या. आणि मित्रांनो, कुणाकडे बोट दाखवायच्या आधी जरा माझ्यासारखं करा. जवळ जा, वाका, एक डोळा मिटा आणि नीट बघा. कागदाची मागची बाजूसुद्धा.

चला, आता पुढच्याला येऊ द्या. अंगठा दाखव बरं तुझा!